पाचवी चूक

रावसाहेब मिसाळ हात मिळवत नाहीत, हात तपासतात. समोरच्याने हात पुढे केला की ते तो उलटा करतात, तळवा बघतात, बोटांची पेरं चोळून पाहतात आणि मग सोडून देतात. वाळूजच्या आमच्या गोदामात मी हिशोबाला लागलो, त्या पहिल्या दिवशी माझाही हात त्यांनी असाच उलटा केला.

"शाई हाय," ते म्हणाले. "म्हंजे लिव्हनारा मानूस. लिव्हनाऱ्यावर लक्ष ठिवावं लागतं."

रावसाहेब हे त्यांचं नाव आहे, पदवी नाही. आमच्या मराठवाड्यात आईबाप पाळण्यातच मुलाला साहेब करून टाकतात. पुढे नोकरीत होता येईल याचा भरवसा नसतो. हे रावसाहेब गोदामात तपासनीस आहेत. ट्रॅक्टरचे आणि दुचाकीचे सुटे भाग आमच्याकडून गावोगावच्या दुकानदारांना जातात. माल काढणारी माणसं यादी घेऊन रॅकमधून वस्तू काढतात, खोक्यात भरतात, आणि खोकं ट्रकवर चढण्याआधी रावसाहेबांच्या टेबलावरून जातं. आधी ते गंगापूरकडच्या एका बाजारात मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचं धान्य काट्यावर घालून वजन सांगणारे. संशय घेणं हे तिथलं निम्मं काम. बाजार सुटला, सवय राहिली.

सवय कशी, तर गोदामातला मोठा काटा बरोबर आहे की नाही हे ते रोज सकाळी स्वतः त्यावर उभं राहून ठरवतात. "मी एकसष्ट किलोचा मानूस हाय," ते म्हणतात. "काटा बासष्ट म्हनला तर काटा खोटा." एका दिवाळीनंतर काटा सलग तीन दिवस बासष्ट म्हणाला. रावसाहेबांनी माल थांबवून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने वजनं ठेवून पाहिली, काटा अचूक होता. मग त्याने रावसाहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काका, घरी फराळ काय काय झाला?" रावसाहेबांना त्या दुरुस्तीवाल्याचा अजून संशय आहे.

चहाचंही तसंच. ग्लास कमी भरला तर चहावाल्याशी भांडण ठरलेलं. पण कधी काठोकाठ भरला, तर ते ग्लास हातातच धरतात. "आज कामून भरून दिला?" चहावाला म्हणतो, "पी ना चाचा." चहा गार होतो, पण उत्तर मिळेपर्यंत ते पीत नाहीत.

त्यांचं एक वाक्य गोदामात सगळ्यांना पाठ आहे. "शक घ्यावा, पन तोंडावर घ्यावा." आणि ते तसंच वागतात. आमच्याकडे माल काढणाऱ्यांत सलीम सगळ्यात चपळ. त्याला एकदा भर रस्त्यात, दोन रॅकच्या मधे, त्यांनी अडवलं.

"सलीम, मला तुझा शक हाय."

"कायका शक चाचा?"

"ते अजून ठरलं नाय. पन हाय. कानावर घातलं."

"हौ, याद रखता," म्हणून सलीम यादी घेऊन पळाला.

हे सगळं ऐकून माणूस हसतो, मीही हसायचो. पण गेल्या वर्षी चार महिन्यांचे आकडे माझ्यासमोर आले आणि माझं हसू थांबलं.

त्याआधी आमच्याकडच्या इन्सेंटिव्हचं सांगायला हवं. यादीतली एक वस्तू म्हणजे एक ओळ. दिवसाला नव्वद ओळी काढणं हे पगारातलं काम. त्यावरच्या प्रत्येक ओळीला वेगळे पैसे. हे पुण्याच्या मुख्य कचेरीतल्या साहेबांनी सुरू केलं तेव्हा माणसं अक्षरशः धावायला लागली. सलीम दिवसाला एकशे चाळीस ओळींवर गेला. माल वेळेत निघायला लागला आणि दुकानदारांचे फोनही यायला लागले. कुणाला चार गॅस्केटच्या जागी चाळीस गेले. कुणाला दोन्ही आरसे डाव्या बाजूचे गेले, त्याने विचारलं, "तुमच्याकडं माणसं एकाच डोळ्यानं बघतात का?" स्कॅनर वस्तू ओळखतो, पण पिशवीत वॉशर चोवीस आहेत की तेवीस हे त्याला कळत नाही. ते हातानेच मोजावं लागतं, आणि मोजायला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे कुणालाच मिळत नव्हते.

पुण्याहून मला सांगण्यात आलं की वेगही राहील आणि चुकाही कमी होतील असा नियम करा. मी दोन रविवार घालवून नियम केला. महिन्यात चार चुका माफ. पाचवी झाली की त्या महिन्याचा सगळा इन्सेंटिव्ह गेला. चूक म्हणजे काय, तेही मी नीट लिहिलं होतं: तपासनिसाने पकडलेली चूक. तपासनिसालाही मी इन्सेंटिव्ह ठेवला, दिवसात किती खोकी सोडली त्यावर. नियम पुण्याला आवडला. मलाही आवडला होता, हे कबूल करतो.

चार महिन्यांनी मी चुकांची वही उघडली. बावीस माणसं, चार महिने, अठ्ठ्याऐंशी नोंदी. त्यातल्या एकतीस ठिकाणी बरोबर चार चुका. बाकी ठिकाणी तीन, दोन, एक, कुठे शून्य. पाच एकाही ठिकाणी नाही.

मी वही मिटली, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडली. तरीही नाही. माणसं चुका करताना अशी थांबत नाहीत, की चार झाल्या, आता महिनाअखेरपर्यंत पुरे. एकतीस वेळा माणसं उंबऱ्यापर्यंत येतात आणि एकही पाय पलीकडे पडत नाही, याचा अर्थ उंबऱ्यावर कुणीतरी बसलेलं आहे. आणि चुका वहीत लिहिणारा हात एकच होता.

त्या दिवसापासून मी रावसाहेबांवर नजर ठेवायला लागलो. खिशातल्या छोट्या डायरीत तारीखवार टिपणं केली. मंगळवारी सलीमने डब्यातून मटणाचा खलिया आणला, रावसाहेबांनी हुंगून विचारलं, "काय काम हाय?" आणि उत्तराची वाट न बघता खाल्ला. गुरुवारी मंदाबाईने शेंगदाण्याची चटणी दिली. मंदाबाई घोरपडे म्हणजे चपळाईत सलीमच्या खालोखाल, एकशे तीस ओळींची. शनिवारी दौलताबादकडच्या एकाने सीताफळं आणली, सहा. मी फळंसुद्धा मोजली होती. शिवाय रोज दुपारच्या चहानंतर रावसाहेब कुणाला तरी बोटाने बोलवायचे आणि दोघं सायलेन्सरच्या रॅकमागे जायचे. वीस-पंचवीस मिनिटं. हातात एक खोकं असायचं. परत येताना समोरच्याचं तोंड उतरलेलं नसायचं, हे मला विशेष खटकलं.

घरी मी हे बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मग विचारलंत का त्यांना?"

"असं विचारून कुणी सांगतं होय?"

"तो माणूस सगळ्यांना तोंडावर विचारतो म्हणता. तुम्हीही विचारा की."

"आधी पुरावा लागतो."

"बरं," ती म्हणाली. "मग मेथी तरी निवडा. तिच्यात पुरावा लागत नाही."

मी पुण्याच्या साहेबांना फोनवर फक्त अंदाज दिला, नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "पुरावा पाठवा. माणूस एजन्सीचा असेल तर त्याच दिवशी गेट बंद करू." रावसाहेब एजन्सीचेच आहेत, कंत्राटावर. वय छप्पन्न. या वयात वाळूजला दुसरीकडे कुणी तपासनीस म्हणून घेणार नाही. फार तर रात्रपाळीचा वॉचमन. हे मला माहीत होतं. तरी मी ईमेल लिहून ठेवला. अठ्ठ्याऐंशी नोंदी, एकतीस चौकार, खलिया, चटणी, सीताफळं सहा. फक्त पाठवायचा राहिला होता, कारण रॅकमागे नेमकं काय होतं ते मी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही.

म्हणून एका बुधवारी चहानंतर मी स्टॉक मोजायचं निमित्त करून सायलेन्सरच्या रॅकच्या अलीकडे उभा राहिलो. पलीकडे रावसाहेब आणि मंदाबाई. जमिनीवर पोतं अंथरलेलं, त्यावर उघडलेलं खोकं. महिन्याची वीस तारीख होती आणि वहीत मंदाबाईच्या नावावर चार चुका होत्या, हे मी सकाळीच पाहिलं होतं.

"हात दाखव," रावसाहेब म्हणाले.

"घ्या, बघा. मामा, माझ्यावर बी शक व्हय?"

"तुझ्यावर तर लई हाय. ह्या बोटाला चिंधी कामून?"

"खिळा लागला सकाळी. खोक्याच्या पट्टीचा."

"मंग ह्या बोटानं मोजलंच कसं? बस खाली. मोज."

"मामा, पळती मी. अजून चाळीस ओळी राहिल्यात."

"चालताना पळ. मोजताना थांब. बस म्हनलं ना."

मंदाबाई बसली. पिशवी पोत्यावर ओतली आणि एकेक वॉशर बाजूला सारत मोजू लागली. "एक, दोन..."

"एक नाय. लाभ म्हन."

हे मी लहानपणी आजोळच्या खळ्यावर ऐकलं होतं. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मोजणी लाभापासून सुरू करायची आणि पुढे दोन, तीन. गोदामात हा शब्द ऐकेन असं वाटलं नव्हतं.

"लाभ, दोन, तीन, चार..." मंदाबाईचा आवाज हळूहळू संथ झाला. तेवीसवर ती थांबली. पोतं झटकलं. पिशवी उलटी केली. "मामा, एक कमी हाय."

"कोन म्हनलं?"

"मीच की."

"मी म्हनलो का?"

"नाय."

"मंग नियमात काय हाय? तपासनारानं धरलेली चूक. मी धरली का? नाय. तूच धरली. मंग मी वहीत काय लिव्हू? जा, एक वॉशर आन, आन खोकं बंद कर."

मंदाबाई वॉशर आणायला माझ्याच अंगावरून गेली. मला पाहून तिने पदर सावरला आणि चेहरा घट्ट केला. मी सायलेन्सर मोजत असल्याचं दाखवलं. किती मोजले, मला आजही सांगता येणार नाही.

केबिनमध्ये येऊन मी दुसरी वही काढली, दुकानदारांच्या तक्रारींची. ती मी आधी या वहीशेजारी ठेवून पाहायला हवी होती. माझा नियम लागू झाला त्या पहिल्या महिन्यात तक्रारी कमी झाल्या नव्हत्या, वाढल्या होत्या. का, ते मी सलीमला विचारलं. तो आधी टाळत होता, मग बोलला. चार चुका झाल्या की माणसं घाबरायची. चूक लक्षात आली तरी तोंड उघडायची नाहीत. जास्त निघालेला भाग जिथे हात पोचेल त्या रॅकमध्ये कोंबून द्यायची, म्हणजे पुढच्याची यादी चुकायची. "साब, पाचवी का डर था," सलीम म्हणाला. "फिर चाचा बोले, डरो मत, मेरे सामने गिनो." दुसऱ्या महिन्यापासून तक्रारी उतरत गेल्या होत्या आणि चौथ्या महिन्यात एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या राहिल्या होत्या. ओळी मात्र फारशा घटल्या नव्हत्या. जे पुण्याला हवं होतं आणि जे माझ्या नियमाला जमलं नव्हतं, ते सायलेन्सरच्या रॅकमागे पोत्यावर बसून होत होतं.

आणखी एक रकाना पाहायचा होता, रावसाहेबांचा. रोजची वीस-पंचवीस मिनिटं पोत्यावर गेल्यामुळे त्यांची खोकी ठरल्या आकड्यापर्यंत कधीच पोचली नव्हती. चारही महिने त्यांचा इन्सेंटिव्ह कोरा. लाच घेणारा माणूस सहा सीताफळं आणि एक खलिया घेऊन चार महिन्यांचे पैसे सोडत नाही. माझाच हिशोब जुळत नव्हता. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लाज वाटली, ती डायरीतल्या फळांच्या आकड्याची.

ईमेलचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. मी पहिला ईमेल पाठवला नाही. दुसरा लिहिला: माल गेटबाहेर जाण्याआधी माणसाला स्वतःची चूक स्वतः सापडली तर ती चूक धरू नये, आणि फेरमोजणीचा वेळ तपासनिसाच्या कामात धरावा. पुण्याने पहिली गोष्ट मान्य केली, तीन महिन्यांसाठी, बघू म्हणून. दुसरी नाकारली. म्हणजे माणसांचं भागलं आणि रावसाहेबांचा रकाना कोराच राहिला. मी पुन्हा लिहिलं आहे.

पण तो दुसरा ईमेल पाठवण्याआधी मी दोन्हींची प्रत काढली आणि रावसाहेबांच्या टेबलाशी गेलो. एक ट्रक नुकताच सुटला होता, दुसरा यायचा होता.

"रावसाहेब, जरा बसता का?" मी म्हणालो.

ते बसले. माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"मला तुमचा संशय आला होता," मी म्हणालो. "तीन आठवडे. तुम्ही पैसे घेऊन चुका लपवता असं मला वाटलं. हे लिहून ठेवलं होतं. पाठवलं असतं तर तुमचं गेट बंद झालं असतं. मी चुकलो."

त्यांनी पहिला कागद घेतला. चष्मा लावून सावकाश, बोट फिरवत वाचला. मला वाटलं, आता सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं काही बोलतील.

"आकडे बरूबर हायेत," ते म्हणाले. "सीताफळं सहाच व्हती. एक किडकं निघालं."

"रावसाहेब..."

"चांगलं लिव्हलंय. मी असतो तर मला बी शक आला असता." त्यांनी कागदाची घडी घातली, परत दिली नाही, गुडघ्यावर ठेवली. "तीन आठवडे लागले व्हय तुम्हाला?"

"हो."

"मला सोळा वर्सं झाली."

मला कळलं नाही. ते ट्रकच्या रिकाम्या जागेकडे पाहत बोलायला लागले, हळू, एकेक पोतं उतरवावं तसं.

त्यांना एक थोरला भाऊ आहे, कुंडलिक. तोही मापाडी, एकाच आडत्याकडे दोघं. रावसाहेबांना मोजायला त्यानेच शिकवलं. सोळा वर्षांपूर्वी एका हंगामात कुंडलिकच्या काट्यावर प्रत्येक पोतं अर्धा-पाऊण किलो कमी भरायला लागलं. शेतकरी कुरकुरायला लागले. रावसाहेबांना वाटलं, दादाचा हात आहे. त्यांनी दादाला विचारलं नाही. आडत्याच्या कानावर घातलं, हळूच, नाव सांगू नका म्हणून. आडत्याने स्वतःची अब्रू वाचवण्यासाठी त्याच दुपारी सगळ्या बाजारासमोर कुंडलिकला हाकललं.

"मंग खंडेनवमी आली," रावसाहेब म्हणाले. "पूजेला काटा धुवायचा म्हून उलटा केला. खाली सोयाबीन अन् माती घट्ट बसलेली. वल्ली व्हऊन वाळलेली, दगडावानी. त्यावर पाट टेकत व्हता. वजन कमी दाखवायचा तो काटा. दादा नव्हता दाखवत."

"मग तुम्ही भावाला सांगितलं?"

"काटा खराब व्हता हे त्याला बाजारानं सांगितलं. कुनी सांगितलं व्हतं आडत्याला, हे त्याला अजून ठाव नाय. का ठाव हाय, तेबी मला ठाव नाय. शेजारी-शेजारी घरं हायेत आमची. भिंत एकच. मी दर रविवारी पडेगावच्या खोलीवरनं गावाकडं जातो. तो ओट्यावर बसलेला असतो. आला का, म्हनतो. मी म्हनतो, आलो. दर टायमाला ठरवून जातो, आज सांगायचं. अन् चप्पल काढून सरळ घरात शिरतो."

बाहेर दुसऱ्या ट्रकचा हॉर्न वाजला. सलीम लांबून ओरडला, "चाचा, गाडी लगी!" रावसाहेब उठले नाहीत.

"हिशोबसायेब," ते म्हणाले, "आता तुम्ही मला सांगितलं. कसं केलं? म्हंजे सुरुवात काय केली तुम्ही?"

मला आठवावं लागलं. "काही नाही," मी म्हणालो. "रावसाहेब, जरा बसता का, एवढंच म्हणालो."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी मान हलवली. ट्रकच्या दिशेने दोन पावलं गेले, थांबले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं खोकी मोजताहेत. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

"दादा, जरा बसतो का," ते म्हणत होते. "दादा, जरा बसतो का."